बिल्ला आधी उलटा करून दाखवणारे भुसावळचे दुकान

भुसावळ स्थानकातून बाहेर पडून जुन्या बाजाराच्या दिशेने दहा-बारा मिनिटे चालले की सायकल दुरुस्तीचे दुकान आणि पिठाची गिरणी यांच्या मधोमध जेमतेम आठ फूट रुंदीचा एक गाळा लागतो. त्याला पाटी नाही. गल्लीत ‘टोपीवाले काका कुठे बसतात?’ असे विचारले की गिरणीवाला हातातले काम न थांबवता नुसत्या हनुवटीने दाखवतो. जुन्या लष्करी टोप्या आणि त्यांवर लावले जाणारे बिल्ले यांची खरेदी-विक्री या गाळ्यात होते, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत केवळ याच मालासाठी बसलेला दुसरा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही. मी स्वतः चाळीसगावला असतो. गेली नऊ वर्षे मी वर्षातून चार-पाच वेळा येथे येतो, येथून सतरा बिल्ले आणि पाच टोप्या घेतल्या आहेत आणि त्यांपैकी एका टोपीवरून आमचे भांडणही झाले आहे. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते एका भेटीवरून बनवलेले मत नाही.

असा माल भुसावळातच का यावा, हे रेल्वेचा नकाशा पाहिला की कळते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे हे मोठे जंक्शन. मुंबईकडे जाताना वाटेत देवळाली लागते, जेथे मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत, इतके की इंग्रजीत डोके फिरण्याला त्या गावाच्या नावावरून शब्द पडला. वर महूची छावणी आणि खाली अहमदनगर, जे आता अहिल्यानगर झाले आहे, तेथे रणगाडा दलाचे केंद्र. शिवाय जी.आय.पी. रेल्वेची स्वतःची स्वयंसेवक पलटण होती. तिच्यात रेल्वेतील युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकर असत, १९२० नंतर ती ऑक्झिलरी फोर्स या अर्धवेळ स्वयंसेवक सैन्यात गणली गेली आणि १९४७ मध्ये ते सारे दलच मोडीत निघाले. रेल्वेच्या क्वार्टरांमधली ही कुटुंबे गाव सोडून गेली तेव्हा जाताना जे उचलवले नाही ते भंगारात गेले, आणि त्या वेळी भंगाराचा काटा काकांच्या वडिलांकडे होता. वजनावर घेतलेल्या पितळेतून बिल्ले वेगळे काढून ठेवण्याची बुद्धी त्यांना का झाली, हे काकांनाही सांगता येत नाही. पुढे १९४९ मध्ये भुसावळला आणि १९६४ मध्ये वरणगावला आयुध निर्माणी आली, त्यामुळे वर्दीचे या पट्ट्याला कधी अप्रूप राहिले नाही. कदाचित म्हणूनच या वस्तू येथे इतकी वर्षे कवडीमोलाने पडून राहिल्या.

दुकानाचे वैशिष्ट्य ग्राहकाला पहिल्या पाच मिनिटांत कळते. तुम्ही एखाद्या बिल्ल्याकडे बोट दाखवले की काका तो काचेखालून काढतात, पण तुमच्या हातात देताना पालथा देतात. पुढची बाजू नंतर. माझ्या पहिल्या भेटीत मी बिगुलाच्या आकाराचा एक बिल्ला मागितला होता. मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटच्या बिल्ल्यावर बिगूल असल्यामुळे आपल्याकडे बिगुलाला सर्वाधिक मागणी असते. काकांनी एक नव्हे तर दोन बिगूल काढले, दोन्ही पालथे घालून काउंटरवरच्या पंचावर ठेवले आणि भिंग माझ्याकडे सरकवले. पहिल्याची पाठ म्हणजे पुढच्या चित्राचा साचाच होता: जेथे पुढे बिगुलाची नळी उठून आली होती तेथे मागे तेवढीच खोलगट जागा, आणि दोरीचा पीळसुद्धा उलट्या बाजूने मोजता येत होता. ठशाखाली पत्रा दाबून काढलेल्या बिल्ल्याची पाठ अशीच असायला हवी. दुसऱ्याची पाठ सपाट, रवाळ आणि सुईच्या अग्राएवढ्या बारीक छिद्रांनी भरलेली होती. कडेला कानशीचे ताजे ओरखडे होते. पहिल्याच्या मागच्या दोन कड्या तांब्याच्या तारेच्या होत्या व पितळी डाखाने बसवलेल्या होत्या. दुसऱ्याच्या कड्यांभोवती कथलाचा पांढुरका ढेकूळ दिसत होता. ‘आता सांगा, कोणता देऊ?’ एवढेच काका म्हणाले.

मी अर्थातच पहिल्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याला नकली म्हणून मोकळा झालो. त्यावर काकांनी मला जे सांगितले ते ध्यानात न ठेवता खरेदी करणारे संग्राहक मी पुढे अनेक पाहिले. ओतीव म्हणजे नकली, असे समीकरण विलायती बिल्ल्यांना बऱ्याच अंशी लागू पडते. हिंदुस्थानी पलटणींच्या बिल्ल्यांना ते सरसकट लावता येत नाही, कारण छावणीच्या बाजारातल्या तांबटाकडून ओतून घेतलेले बिल्लेही शिपायांनी खरोखरच वापरले आहेत. अशा ओतीव बिल्ल्याचे वय पाठीवरून नव्हे, तर झिजेवरून ठरते. शिपाई रोज घासतो ती पुढची उंचवट्याची जागा गुळगुळीत व्हायला हवी आणि फटीत जुन्या पॉलिशचा पांढरट-हिरवा थर साचलेला असायला हवा. नकली मालात झीज सगळीकडे सारखीच असते, कारण ती यंत्राने किंवा वाळूने आणलेली असते. तो दुसरा बिगूल ताजा ओतलेलाच होता. काकांनी तो मुद्दाम तुलनेसाठी ठेवला आहे आणि तो विकत नाहीत.

दुसरी कसोटी मुकुटाची. १९०१ ते १९५२ या काळात ब्रिटिश राजचिन्हांवरील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर चढलेल्या दिसतात. त्याआधी व्हिक्टोरिया राणीच्या काळी आणि पुढे १९५३ पासून, एलिझाबेथच्या कारकिर्दीत, त्या मध्यभागी दबलेल्या दिसतात. भारतीय सैन्याने तर २६ जानेवारी १९५० लाच मुकुट उतरवून अशोकस्तंभाचे सिंह स्वीकारले. म्हणजे हिंदुस्थानी सैन्याच्या १९२२ च्या पुनर्रचनेत ज्या रेजिमेंटला ते विशिष्ट नाव आणि क्रमांक मिळाला, तिच्या बिल्ल्यावर मध्यभागी दबलेला मुकुट असणे कोणत्याच हिशेबात बसत नाही: व्हिक्टोरिया राणीच्या काळी ते नाव नव्हते आणि एलिझाबेथच्या काळी मुकुट नव्हता. असे बिल्ले बाजारात सर्रास मिळतात. मी स्वतः काकांची ओळख होण्यापूर्वी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून टपालाने असाच एक ‘पाचवी मराठा, अस्सल’ (१९२२ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीला पाचवा क्रमांक मिळाला होता) बिल्ला साडेचार हजारांना मागवला होता. काकांनी तो पालथा करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मुकुटाकडे पाहिले आणि मूळच्या अमळनेरकडच्या बोलीत म्हणाले, ‘भाऊ, हाई पितय शे, सोनं नही.’ पितळेचा भाव त्या वेळी किलोला किती होता, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

खानदेशातले गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारते: खानदेश भिल्ल पलटणीचे काही आहे का? जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये धरणगावला ती पलटण उभी केली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते, त्यामुळे मागणी उदंड आहे. काकांच्या गल्ल्याशेजारच्या खणात त्या पलटणीचे नाव कोरलेल्या तीन पितळी पट्ट्या आहेत, तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी विकायला आणलेल्या. अक्षरांच्या कडा इतक्या तीक्ष्ण आहेत की बोटाला लागतात, आणि तिन्हींवर एकाच ठिकाणी एकच अक्षर किंचित तिरके आहे. काका त्या कोणी मागितल्या की दाखवतात आणि परत खणात टाकतात. इतकी मागणी असताना आणि इतक्या सहज खपणाऱ्या असताना त्या विकायच्या नाहीत, हा निर्णय मला या दुकानाच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

बिलाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. साध्या पावतीपुस्तकावर वस्तूचे वर्णन लिहून शेवटी काका तीनपैकी एक शेरा मारतात: ‘खात्री’, ‘शंका’ किंवा ‘नवे’. ‘शंका’ असे लिहिलेली वस्तू निम्म्याच्या आसपास किमतीला मिळते आणि ती परत घेतली जात नाही. ‘खात्री’ लिहिलेली वस्तू पंधरा दिवसांत परत करता येते. माझ्या सतरा बिल्ल्यांपैकी चार ‘शंका’चे आहेत आणि त्यांतला महार रेजिमेंटचा एक आज माझ्या संग्रहात मला सर्वांत प्रिय आहे. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा जयस्तंभ होता, मग व्हिकर्स मशीनगनची जोडी आली आणि स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी कट्यार आली. त्यामुळे स्तंभ असलेला बिल्ला दुर्मीळ आणि म्हणूनच नकलांनी वेढलेला. माझ्या बिल्ल्याची एक कडी नंतर बदललेली आहे, म्हणून काकांनी ‘शंका’ लिहिले. बाकी झीज जिथल्या तिथे आहे. दुसऱ्या कोणीही तो ‘अस्सल’ म्हणून तिप्पट भावाने विकला असता.

येथपर्यंतची स्तुती बिल्ल्यांची झाली. टोप्यांच्या बाबतीत मात्र हाच चोखपणा ढिला पडतो, आणि माझी खरी तक्रार तेथे आहे.

टोप्या गाळ्याच्या मागच्या भागात, पत्र्याच्या छपराखाली, लाकडी खुंट्यांवर आणि जुन्या बिस्किटांच्या डब्यांवर ठेवलेल्या असतात. बॅरे म्हणजे मऊ, गोल लोकरी टोप्या, घडीच्या खाकी टोप्या, गोरखा पलटणीच्या दुहेरी नमद्याच्या रुंद काठाच्या हॅटी, आणि सर्वांत जास्त सोला हॅटी, ज्यांना आमच्याकडे अजून ‘साहेबाची टोपी’ म्हणतात. सोला म्हणजे आपले भेंड. ज्या पांढऱ्या, वजनाने नसल्यासारख्या गाभ्याचे नवरदेवाचे बाशिंग करत त्याच जातीचा गाभा थरावर थर चिकटवून साच्यावर बसवायचा, वरून खाकी कापड ताणायचे आणि भोवती पगडीसारखी घडीची पट्टी गुंडाळायची, अशी ही टोपी. उन्हासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, पण पाणी तिला मऊ करते, वाळवी आणि कसर तिला खाते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की पत्र्याखाली तिच्या आतली चामडी घामपट्टी पापडासारखी तडकते. मी पाहिलेल्या तीसेक सोला हॅटींपैकी घामपट्टी धड असलेल्या चारच होत्या. एक खोली खाली, गिरणीवाल्याच्या भिंतीला लागून, थंड आणि कोरडी असताना तीत बिल्ल्यांची रिकामी खोकी का ठेवली आहेत, हे मी तीन वेळा विचारले आहे. डांबरगोळ्या आहेत, कडुलिंबाचा पाला आहे, पण छप्पर पत्र्याचेच आहे.

टोपी पाहताना ती नेहमी आतून पाहावी. घामपट्टी हळूच उलटली की खाली कापडी चिठ्ठी, माप आणि नशीब असेल तर साल सापडते. मापे इंचात, आठव्या हिश्श्याच्या फरकाने असतात, त्यामुळे पावणेसात, सात, सव्वासात असे आकडे दिसतात. सरकारी मालावर बाणाचे ठसठशीत चिन्ह आणि हिंदुस्थानसाठी त्यासोबत इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असते. खासगी शिंप्याकडून किंवा मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेल्या अधिकाऱ्याच्या टोपीवर असा शिक्का नसतो, आणि तो नाही म्हणून तिला नाकारणे चूक ठरेल. काका हे सारे दाखवतात. दाखवत नाहीत ते एकच.

२०१९ च्या दिवाळीत मी येथून एक सोला हॅट बत्तीसशे रुपयांना घेतली. पगडीच्या पट्टीवर डाव्या बाजूला बिगुलाचा बिल्ला लावलेला होता, बिलावर ‘खात्री’ असे लिहिलेले होते. घरी आणून बिल्ला काढला, तेव्हा लक्षात आले की बिल्ल्याच्या कड्यांमधले अंतर सव्वा इंच आहे आणि कापडाला पडलेली जुनी भोके पावणेदोन इंचांवर आहेत. नव्या भोकांच्या कडा ताज्या होत्या, जुन्या भोकांभोवती कापडाचा रंग कमी उडालेला होता, म्हणजे तेवढ्या आकाराचा दुसराच काहीतरी बिल्ला तेथे अनेक वर्षे उन्हात होता. मी पुढच्याच शनिवारी परत गेलो. काका गडबडले नाहीत. म्हणाले, ‘टोपी बी खरी शे, बिल्ला बी खरा शे, सोयरीक तेवढी मी जमाडी.’ त्यांच्या हिशेबात यात फसवणूक नव्हती: नुसती टोपी कोणी घेत नाही, बिल्ला लावला की शोभा येते, आणि दोन्ही वस्तूंवर त्यांची खात्री होती. माझ्या हिशेबात जोड हीच तिसरी वस्तू आहे आणि तिच्यावरही शेरा हवा. अर्धा तास वाद झाला, गिरणीवालाही येऊन उभा राहिला, शेवटी काकांनी आठशे रुपये परत केले आणि बिलावर आपल्या हाताने ‘जोड दुकानाची’ असे लिहून दिले. तेव्हापासून माझ्या बिलांवर हे शब्द येतात. पण इतर गिऱ्हाइकांना ते मागावे लागतात, आपणहून लिहून मिळत नाहीत, हे मी गेल्या महिन्यातही पाहिले. ज्याला पूर्ण टोपी बिल्ल्यासह घ्यायची आहे, त्याने दुकानातच बिल्ला काढून भोके मोजावीत; काका अडवत नाहीत.

दुसरा दोष स्वच्छतेचा, म्हणजे अतिस्वच्छतेचा. काकांचा पुतण्या दुपारी दुकान सांभाळतो आणि त्याला पितळ चकचकीत दिसावे असे वाटते. देवघरातल्या समईला जो न्याय तो बिल्ल्याला, अशी त्याची समजूत असल्याने चिंच, मीठ आणि भांडी घासण्याची पूड या तिन्हींचा प्रयोग त्याने खणातल्या मालावर केलेला आहे. जंगाल म्हणजे पितळेवरचा हिरवा गंज खरोखर धातू खात असेल तर ते काढलेच पाहिजे, परंतु शांत तपकिरी थर हा बिल्ल्याचे वय सांगणारा साक्षीदार असतो, आणि घासून तो एकदा गेला की बारीक रेघाही त्याच्यासोबत जातात. बिगुलाच्या दोरीचा पीळ नाहीसा झालेला एक सुंदर बिल्ला मी तेथे पाहिला, तो पाहवत नव्हता. आता मी फोनवर आधीच सांगतो की माझ्यासाठी ठेवलेली वस्तू घासू नये, आणि ते पाळले जाते.

जरीच्या बिल्ल्यांबद्दल थोडेसे. कलाबतूने भरलेले अधिकाऱ्यांचे बिल्ले येथे फारसे येत नाहीत, आले तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवल्यामुळे काळवंडलेले असतात. ते कागदात गुंडाळावेत, एवढी साधी सूचना अजून मानली गेलेली नाही. वाराणसीला हाताने भरलेले नवे जरीचे बिल्ले मात्र छान मिळतात, आणि त्यांच्यावर प्रामाणिकपणे ‘नवे’ असा शेरा असतो. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी केलेले ब्रिटिश पलटणींचे तपकिरी प्लास्टिकचे बिल्ले कधीमधी दिसतात. लोक त्यांना खेळण्यातले समजून सोडून देतात, त्यामुळे ते स्वस्त पडतात.

काय मिळणार नाही, हेही जाणाऱ्याने माहीत करून घ्यावे. सध्या सैन्यात चालू असलेले बिल्ले आणि बॅरे काका विकत नाहीत. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूने लष्करी पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर सैन्याने नागरिकांना लष्करी पद्धतीचे कपडे वापरू नयेत व दुकानदारांनी विकू नयेत असे आवाहन केले, तेव्हापासून हा नियम त्यांनी अधिकच कडक केला आहे. मरून बॅरे घालून रील करायला आलेली कॉलेजची मुले दर आठवड्याला परत जातात. तसेच शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तूही येथे मिळत नाही, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि तो काकांकडे नाही. गंमत अशी की ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, आणि १९२२ च्या पुनर्रचनेनंतर घडवलेले पहिले बिल्ले ती ओलांडून गेलेलेसुद्धा. ते खणातून उचलून काकांनी घरी नेले आहेत.

भाव वाजवी आहेत. साधा पितळी बिल्ला सहाशेपासून, चांगला दोन-अडीच हजारांपर्यंत. टोप्या दीड हजार ते चार हजार. मराठा लाइट इन्फंट्रीचा माल महाग असतो, आणि इटलीच्या मोहिमेत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्या काळाचा असे सांगता आले तर आणखी. पण बिल्ल्यावर साल नसते, त्यामुळे तसे सांगणाऱ्याला काकाच आधी हसतात. घासाघीस थोडी चालते. पैसे मोबाइलवर देता येतात. टपालाने माल पाठवत नाहीत, ही गैरसोय खरी, परंतु बिल्ल्याची पाठ फोटोवरून पाहायची नसते असे त्यांचे म्हणणे आहे आणि माझ्या साडेचार हजारांच्या अनुभवानंतर मी त्यावर वाद घालत नाही.

दुकान सकाळी अकराला उघडते. काका दुपारी जेवायला घरी जातात आणि पाचपर्यंत पुतण्या असतो, तेव्हा खरेदीला जाणे टाळावे. माझी ती सोला हॅट अजून बिल्ल्याविनाच आहे. पावणेदोन इंचांवर कड्या असलेला, जुन्या कापडाच्या गडद डागात नेमका बसणारा बिल्ला हवा, अशी चिठ्ठी पाच वर्षांपूर्वी मी काकांकडे दिली होती. डागाची आकृतीही पेन्सिलने काढून दिली होती. परवा गेलो तेव्हा त्यांनी ती गल्ल्यातून काढली, नुकत्याच आलेल्या दोन बिल्ल्यांवर धरून पाहिली, मान हलवली आणि पुन्हा घडी घालून ठेवली.